नशिबाची नावं

“त्याची वेळ भरली होती, लव्हडे,” पाद्रीबाबा म्हणाले. “वेळ भरली की कुणाचं काही चालत नाही.”

“कुणी भरली?” लव्हडेनं विचारलं.

 पाद्रीबाबा केशरी पावाचा तुकडा मोडून तो तसाच हातात धरून बसले. आल्यापासून ते अगदी हळू आवाजात बोलत होते, दुखवट्याच्या घरात बोलतात तसे. टेबलावर दोन बशा मांडलेल्या होत्या. दुसऱ्या बशीवरून त्यांची नजर पटकन सरकली.

पेरन हा लव्हडेचा धाकटा भाऊ. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं होतं. गेल्या आठवड्यात कार्व्हेथची होडी मासळी घेऊन परत येताना समुद्रातल्या खडकांच्या सुळक्यांवर आपटून फुटली. पेरन गेला, त्याच्याबरोबर आणखी दोघं गेले. होडी चालवणारा तांडेल तेवढा पोहत किनाऱ्याला लागला. डोक्याला मार बसल्यामुळे त्याला काहीच आठवत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

तेव्हापासून गावानं लव्हडेचं डोकं उठवलं होतं. बेकरीवाली म्हणाली, नशीब. पोस्टातली म्हणाली, योग. जहाजावर जन्म काढलेला एक म्हातारा तर ‘किस्मत’ म्हणाला. हा शब्द त्यानं पूर्वेकडच्या कुठल्याशा बंदरात उचलला होता. कॉर्नवॉलच्या त्या किनाऱ्यावर मासळीला नव्हती तेवढी नावं नशिबाला होती, आणि ती सगळी एकेक करून लव्हडेच्या दारात येऊन गेली.

पाथरवटही आला. थडग्याच्या दगडावर ‘देवानं बोलावलं’ असं कोरू का, म्हणाला.

“‘बुडाला’ असं कोर,” लव्हडे म्हणाली. “देवानं बोलावलं असतं तर आमचा पेरन उशिरा गेला असता. जन्मात कुठं वेळेवर पोचलाय तो?”

पाथरवट हसला, मग आपण हसलो याची त्याला लाज वाटली. लव्हडे मात्र हसली नव्हती.

या मृत्यूंच्या सरकारी चौकशीच्या आदल्या दिवशी टॅमसिन आली. तिचा नवरा त्याच होडीवर गेला होता. रडून रडून तिचा आवाज बसला होता.

“उद्या ते पंच ‘दुर्दैवी अपघात’ असं लिहून मोकळे होणार,” ती म्हणाली. “म्हणजे दोष कुणाचाच नाही. फळ्या सडल्या होत्या गं त्या होडीच्या! कार्व्हेथ म्हाताऱ्यानं दोन वर्षांत डांबर लावलं नाही. तू उभी राहा. या गावात तुझ्याशिवाय कुणाची छाती नाही.”

“उभी राहणारच आहे.”

“आणि सगळं सांग.”

“जे घडलं ते सांगेन.”

“तेच म्हणते मी. तो सुटता कामा नये.”

“कुणीच सुटता कामा नये,” लव्हडे म्हणाली.

संध्याकाळी खुद्द कार्व्हेथ आला. टोपी हातात, काखेत फडक्यात गुंडाळलेलं मांस. लव्हडेचं घर त्याच्याच मालकीचं होतं, पण तो उंबऱ्यातच थांबला.

“पोरी, जाऊ दे आता,” तो म्हणाला. “दुर्दैव म्हण. एवढा एक शब्द तोंडातून काढलास की सगळं मिटेल.”

“कुणाचं मिटेल?”

“सगळ्यांचं. तुझंही.” त्यानं छताकडे पाहिलं. “बोलून झाल्यावर तुला याच छपराखाली राहायचंय, हे विसरू नकोस.”

“छप्पर गळतंय,” लव्हडे म्हणाली. “माझी काळजी नंतर करा, आधी ते शाकारा.”

तिनं मांस त्याला परत दिलं आणि दार लावून घेतलं. मग बराच वेळ ती दाराला पाठ टेकून उभी राहिली. 

चौकशी चॅपलच्या शाळेत भरली. सगळं गाव आलं होतं. चौकशी करणारे कॉरोनर साहेब शहरातून मोटारीनं आले होते. त्यांनी होडी तपासणाऱ्याचं ऐकलं, डॉक्टरांचं ऐकलं. मग ते पंचांकडे वळून म्हणाले, “मला वाटतं, हा निव्वळ दैवाचा खेळ आहे.”

“नाही,” लव्हडे म्हणाली.

ती काळ्या झग्यात पहिल्या रांगेत उभी होती.

“बाई, आपलं दुःख आम्ही समजतो...”

“माझं दुःख माझ्याजवळ राहू द्या, साहेब. तो शब्द तेवढा काढा. दैव, दुर्दैव, योग, सगळे काढा. समुद्रात माणसं मेली की आम्ही यातला एखादा शब्द त्यांच्यावर पांघरूण म्हणून घालतो, आणि पुन्हा तीच चूक करायला मोकळे होतो. माझ्या भावावर मी ते घालू देणार नाही.”

“म्हणजे होडीत दोष होता, असं आपलं म्हणणं आहे?”

टॅमसिन पुढे सरकली. कार्व्हेथनं मान खाली घातली.

“होडी चांगली होती,” लव्हडे म्हणाली. “समुद्रही शांत होता.”

शाळेत चुळबुळ झाली. “अगं, काय बोलतेस हे?” टॅमसिन पुटपुटली.

“ओहोटी लागली होती. अशा वेळी सुळक्यांना वळसा घालून यायचं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. पण बाकीच्या होड्यांच्या आधी धक्क्याला लागायची पैज होती. म्हणून तांडेलानं होडी सुळक्यांच्या मधून घातली. पेरन नको नको म्हणत होता. सुकाणू धरायला त्यानं हात घातला, तर त्याला ढकलून दिलं.”

 साहेबांनी चष्मा काढला.

“पण बाई, तिघं तर गेले. आणि तांडेलाला काही आठवत नाही. मग हे आपल्याला कळलं कसं?”

“त्याला सगळं आठवतं, साहेब. रोज झोपेत हेच बरळतो,” लव्हडे म्हणाली. “माझ्याच शेजारी निजतो. माझा नवरा आहे तो.”