मागच्या भिंतीची ठिगळं

भिंतीला ठिगळं होती. घराच्या मागच्या बाजूला, छातीच्या उंचीवर, ओळीने ताटाएवढे गोल डाग. बाकीच्या गिलाव्यापेक्षा जरा ओले, जरा गडद. दुसऱ्या कोणाच्या ते लक्षातही आलं नसतं, पण तिचा जन्म लोकांचे कपडे शिवण्यात आणि रफू करण्यात गेला होता. ठिगळ कितीही बेमालूम असो, तिच्या नजरेतून सुटत नसे.

“हे काय?” तिने नवऱ्याला विचारलं.

नवरा अंगणातल्या नळाची तोटी न्याहाळत होता. तोटीत न्याहाळण्यासारखं काही नव्हतं, ती कालच त्याने स्वतः बसवली होती.

“ओल असेल,” तो म्हणाला. “सुकेल हळूहळू.”

“प्लंबर माणूस तुम्ही. भिंतीला ओल दिसली आणि इतके गप्प?”

नवऱ्याने तोटी उघडून पुन्हा बंद केली. शेजारच्या सुताराची करवत किरकिरत राहिली. ती आल्यापासून त्या आवाजाने तिचं डोकं उठलं होतं.

घर बघायला ती आज पहिल्यांदाच आली होती. घर पेंढ्याचं होतं. दाबून बांधलेले पेंढ्याचे गठ्ठे विटांसारखे रचायचे, आतून-बाहेरून माती-चुन्याचा जाड गिलावा करायचा, की झाली भिंत. खर्च कमी, थंडीत ऊब, उन्हाळ्यात गारवा. नवऱ्याने हे सगळं तिला पाठ होईपर्यंत ऐकवलं होतं. पण आधीचं घर तिच्या डोळ्यांदेखत जळालं होतं, शिलाई मशीनसकट. तेव्हापासून रात्री तिच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. जरा खुट्ट झालं की उठायची आणि कुठे जळका वास येतोय का ते बघत घरभर फिरायची. नवरा तिला ‘बंबवाली’ म्हणायचा. वर्षभर त्याने सगळं हसण्यावारी नेलं होतं, आणि आता म्हणे पेंढ्यात राहायला चल.

तिने स्पष्ट सांगून ठेवलं होतं, घर बघेन, पण मन धजलं नाही तर तुम्ही राहा तिथे, मी बहिणीकडे राहीन. हे बोलताना तिला रडू फुटलं होतं. शब्द मात्र तिने मागे घेतला नव्हता.

गिलावा करणारी बाई पलीकडे थापी धूत बसली होती. तिला राहवलं नाही.

“सांगून टाका ना हो,” ती नवऱ्याला म्हणाली, आणि त्याची वाट न बघता हिच्याकडे वळली. “ताई, हे रोज कामावरून सरळ इथे येतात. नळ्या जोडायचा तो गॅसचा दिवा असतो ना, निळ्या ज्योतीचा, तो पेटवून भिंतीला लावतात. मग पळत आत जाऊन हात लावून बघतात, गरम झाली का म्हणून. मी सांगून दमले. आगीला हवा लागते, इतक्या दाबलेल्या पेंढ्यात हवा शिरणार कुठून? जाडजूड पुस्तक पेटवून बघा, कडा तेवढ्या करपतात. पटलं म्हणतात, आणि दुसऱ्या दिवशी दिवा घेऊन हजर. वर मलाच सांगतात, डाग झाकून टाका, तिला दिसायला नको.”

नवऱ्याचे कान लाल झाले होते.

“आणि मला बंबवाली म्हणता,” ती म्हणाली.

त्याने तोटी सोडली. “आत तू झोपणार होतीस,” तो म्हणाला.

तिला त्याचा राग आला. वर्षभर ह्या माणसाने तिला एकटीला घाबरू दिलं होतं. मग तो एकटाच इथे दिवा धरून उभा आहे असं तिच्या डोळ्यांसमोर आलं, आणि राग काही टिकला नाही.

“दिवा आहे बरोबर?”

“गाडीत आहे. पण अगं, कशाला आता...”

“आणा. मी आत जाते. तुम्ही बाहेरून लावा.”

आत जाऊन तिने दार लावून घेतलं. खोली रिकामी होती, तरी घुमत नव्हती. खिडकीचा कट्टा चांगला हातभर रुंद होता, तिथे बसून काजं-बटणं करता आली असती. असं मनात आलं म्हणून तिने स्वतःलाच दटावलं. मग ठिगळांचा अंदाज घेऊन भिंतीवर तळवा टेकवला आणि जीव मुठीत धरून उभी राहिली.

भिंत गार होती. तिने वास घेतला. चुन्याचा होता, वाळक्या गवताचा होता, दुसरा कसलाच नव्हता. बाहेर अजून कसलीच चाहूल नव्हती. पेटवायला त्याचा हात धजत नसेल, तिला वाटलं. तिने कपाळ भिंतीला टेकवलं. सुताराने करवत बंद केली होती बहुतेक. इतकं शांत तिला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. वाट बघता बघता तिचे डोळे मिटले.

दार धाडकन उघडलं. करवतीची किरकिर आत आली, आणि मागोमाग घामाघूम झालेला नवरा.

“किती हाका मारल्या! ओ द्यायला काय होतं तुला?”

“हाका? मला नाही ऐकू आल्या.” तिने डोळे चोळले. “मी इथे वाट बघतेय. अजून पेटवला कसा नाहीत?”

त्याने हातातला दिवा उलटा करून हलवला.

“जाळून जाळून गॅस संपला,” तो म्हणाला.

तिने भिंतीवरचा हात काढला नाही. गिलावा करणारी बाई थापीवर ओला गोळा घेऊन दारात आली. “आजच्या डागावर लावू का?” तिने विचारलं.

“नको,” ती म्हणाली. “तो राहू दे तसाच.”