शेवटचा भाजक

“रोज तीनच भागाकार. चौथा करू देऊ नकोस त्यांना,” आई शेवटच्या आजारात म्हणाली होती. “आणि ताळा तूच करायचा. एकही दिवस चुकवायचा नाही.”

लेकीने मान हलवली होती. भागाकार सुरू झाल्याला आज चारशे सातवा दिवस.

जेवणाच्या टेबलावर वही उघडी होती. ९,८०,८९,२०७. ही मूळ संख्या, की हिला कुणाचा भाग जातो, एवढंच बाबांना ठरवायचं होतं. जन्मभर गणित शिकवलेला माणूस. यंत्राला हात लावायचा नाही म्हणजे नाही. दोनपासून एकेक मूळ संख्या घेऊन ते भाग देत आणि लेक उलटं गुणून ताळा पाही.

“ही सुटेपर्यंत मी आहे,” आई गेल्यावर ते म्हणाले होते. “पुढचं पुढे.”

तेव्हापासून तिचा जीव टांगणीला लागला होता. नोकरी तिने त्याच आठवड्यात सोडलेली. सकाळी सातला उठायचं, बाबांना टेबलाशी आणायचं, दोघांनी पोटभर खायचं, मग वही.

डॉक्टर दर शनिवारी येत. बाबांची नाडी उभ्याउभ्या बघत आणि मग तिच्यासमोर खुर्ची ओढून बसत.

“झोप लागते ना?”

“लागते त्यांना,” ती सांगे.

आज तीनच भाजक उरले होते. ९८८३, ९८८७, ९९०१. त्यापुढे बघायची गरज नव्हती. पुढचा एखादा भाजक असता, तर त्याचा जोडीदार आधीच हाती लागला असता. आणि काल तिने चोरून शेवटचा भागाकार करून पाहिला होता. बाकी शून्य.

“चारशे बत्तीस उरले,” बाबा म्हणाले.

“बरोबर.”

“दोनशे ऐंशी.”

“बरोबर. बाबा, चहा टाकू का? राहिलेला उद्या करू.”

“वा गं! हत्ती गेला आणि शेपूट उद्यावर ठेवायचं?”

पेन्सिल चालू लागली. शेवटची वजाबाकी मांडून बाबा थांबले, मग वही त्यांनी तिच्याकडे सरकवली.

“घ्या बाईसाहेब. गेला भाग.”

आवाज शांत होता. फारच शांत. ते उठले, आतल्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं.

तिने घाईघाईने डॉक्टरांना फोन लावला. ते दुसऱ्या कुणाशी तरी बोलत होते. पुन्हा लावला. तेच. शेवटी ती पाय न वाजवता दारापाशी गेली.

“मला काय धाड भरलीय, डॉक्टर!” बाबा दबक्या आवाजात फोनवर सांगत होते. “तिचं बोला. चारशे सात दिवस रोज उठली, जेवली, चार शब्द बोलली. पण इतक्यात तिला मोकळी सोडायला धीर होत नाही. तिच्या आईला शब्द दिलाय मी.”

त्यांनी फोन ठेवला, कोरा कागद पुढे ओढला आणि दोन मोठ्या मूळ संख्या एकीखाली एक मांडून सावकाश गुणाकार करायला घेतला.