पाचवा नट

"आजी, चाकाचे चार नट सुटले. पाचवा चोरांना सुटू नये असा आहे, त्याची चावी वेगळी," पंक्चरवाला म्हणाला.

दहाला साताऱ्यात अक्काचं ऑपरेशन होतं आणि त्याआधी तिला मी जवळ हवी होते. एसटी गेलेली. सुनेने डिकी उपसली, मी ह्यांच्या जुन्या सदऱ्यांचे खिसेही चाचपले.

मग गेल्या खंडेनवमीचा पाट आठवला. ह्यांनी त्यावर गाडीची हत्यारं पुजली आणि आठवड्यात हे गेले. तो पाट मी देवघरातून हलवलाच नव्हता. चावी तिथेच होती, कुंकवाने माखलेली.

पंक्चरवाल्याने हात मागे घेतला. "पूजेतली आहे, आजी."

"कामाला यावी म्हणूनच पुजली, बाबा. लाव."

नट करकरत सुटला. चाक चढेपर्यंत मी पाट पुसला, भिंतीला उभा केला आणि गाडीत जाऊन बसले.