कमानीवरचा आकडा

१२ मार्च, सकाळचे ९ वाजून ४० मिनिटे. सचिवालयाच्या मुख्य दारातील तपासणी कमानीवर २११ हा आकडा होता. कमानीतून माणूस गेला की तो एकाने वाढतो.

बारक्या शिपाई कमानीतून आत गेला आणि आकडा २१३ झाला.

मी हवालदार. अठ्ठावीस वर्षे मागचे दार सांभाळूनही मुख्य दार मला मिळाले नाही. दोन वर्षांच्या नोकरीत ते बारक्याला मिळाले. तो यंत्राशी छेडछाड करतो, अशी तक्रार मी त्याच क्षणी सुरक्षा अधिकारी साहेबांकडे केली. ती खरी ठरली, तर ते दार माझे होणार होते.

साहेबांनी यंत्राच्या तंत्रज्ञाला बोलावून आकडा शून्यावर आणला. ते स्वतः गेले, १ झाला. तंत्रज्ञ गेला, २ झाला. बारक्या गेला, ४ झाला.

"दादा, जळू नका! यंत्राचाही मी लाडका," बारक्या हसला.

"यंत्राला काय कळतंय?" मी म्हणालो.

"मग हवालदार, तुम्ही जाऊन दाखवा," साहेब म्हणाले.

पट्टा सारखा करून मी कमानीतून गेलो आणि पलीकडे साहेबांसमोर उभा राहिलो.

बारक्याचे हसू मावळले. साहेब अजून कमानीकडेच पाहत होते.

"जाताय ना, हवालदार?"

आकडा ४.