चिकटपट्टी

"हृदय ठणठणीत आहे तुमचं," म्हणत डॉक्टरांनी तिच्या स्कॅनची फिल्म पाकिटात सरकवली. "मग जिना चढताना छातीत कळ का येते?" "वय झालं, बाई," डॉक्टर म्हणाले. नवरा उठलाच. "चल, उगाच फाटे फोडू नकोस." तिने पिशवीतून दुसरी फिल्म काढून उजेडाच्या काचेवर लावली, नाव चिकटपट्टीने झाकलेलं. "हिचं काय?" डॉक्टरांनी तिची फिल्म पुन्हा काढून दोन्ही ताडून पाहिल्या. "ही तर तुमच्याहून स्वच्छ! त्यांना म्हणावं, बिनघोर राहा." "म्हणालात की तुम्हीच!" तिने पट्टी टर्रकन ओढली. "ही माझी ताई. तुम्ही तिला हेच सांगितल्यावर महिन्याभरात अटॅकने गेली." डॉक्टरांचा हात पुढचा पेशंट बोलावायच्या घंटीकडे सरकला. तिने ती पट्टी घंटीवरच चिकटवली. "साध्या स्कॅनला रक्तवाहिन्यांतली टणक झालेलीच चरबी दिसते, मऊ नाही. शिरेत डाय सोडून करतात, तो स्कॅन लिहून द्या. ताई शहाण्यासारखी उठून गेली. मी उठणार नाही." नवराही पुन्हा खुर्चीत बसला.