आई चालत येते

“पुरिंगला बोलवा,” मॅडम ओफेलिया म्हणाल्या. “आता तिलाच ठरवू दे.”

मनिलाजवळच्या केसोन सिटीतल्या त्यांच्या घरी जेवणाच्या लांबलचक टेबलावर डेन्सियोची पटकथा पडली होती. नवव्यांदा लिहिलेली. आठ वेळा मॅडम सांगतील तसा तो बदलत गेला होता. नायिकेला बहीण दिली, बहिणीला गाणं दिलं, गाण्याला पाऊस दिला. शेवट मात्र त्याने एकदाही हलवला नव्हता. परदेशात घरकाम करणारी आई शेवटी मायदेशी येते, ती शवपेटीतून.

“पेटी बघायला कोण तिकीट काढतं रे? आई चालत येऊ दे. तुझं काय जातं?”

“मॅडम, बाकी सगळं तुमचं. एवढं एक माझं राहू द्या.”

“बरं. तुझ्या शेवटावर पुरिंग रडली, तर तुझाच शेवट. एक अक्षर बदलणार नाही. शब्द दिला.”

मॅडम पटकथा वाचत नसत. वाचणारी माणसं थिएटरात येत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. गेली बावीस वर्षं त्या लेखकाला आपल्या स्वयंपाकिणीसमोर बसवत आणि गोष्ट सांगायला लावत. ती रडली की चित्रपट निघायचा. नाही रडली की लेखकाने आपली वाट धरायची. तिला सगळे मानाने आलिंग पुरिंग म्हणत आणि मनिलातले भलेभले लेखक तिच्या डोळ्यांना टरकून असत.

ती आली. चवळीच्या शेंगांचं ताट मांडीवर घेऊन खुर्चीच्या कडेवर टेकली. “सांग, पोरा. हात चालू राहिले तर रागावू नकोस.”

डेन्सियो सांगू लागला. आवाज कुठे खाली आणायचा, कुठे थांबायचं, हे त्याला पाठ होतं. दर नाताळला आईकडून येणारं खोकं त्याने सांगितलं. खोकं उघडलं की आठवडाभर घराला साबणाचा वास यायचा, आणि धाकटा तो साबण वापरू द्यायचा नाही, संपेल म्हणून.

“ही तुझीच आई ना?” आलिंग पुरिंगने मध्येच विचारलं.

“हो.”

“वाटलंच मला. असलं काही कुणी मनाने रचत नाही.”

मग आईचे फोन थांबले, हे त्याने सांगितलं.

“किती दिवस?”

“तीन महिने.”

शेंगा मोडणारे हात थांबले. “माझ्या लेकीचा, होसीचा, फोन येऊन पाच झाले.”

“होसी रियाधला ना गं?” मॅडमनी विचारलं.

“हो, मॅडम. तिथे मालक फोन काढून घेतात म्हणे. तसंच असेल.” हे ती डेन्सियोकडे बघून म्हणाली. “बरं, पुढे?”

पुढे विमानतळ. पुढचं वाक्य डेन्सियोच्या जिभेवर वर्षानुवर्षं तयार होतं. माणसांच्या दारातून आई येत नाही. माल उतरवतात त्या बाजूला बापाला बोलावतात, आणि फ्रीज ताब्यात घ्यावा तशी तो सही करतो. अकरा वर्षांचा डेन्सियो तेव्हा बापाच्या शेजारी उभा होता. ते वाक्य उच्चारायचा अवकाश, ही बाई रडणार होती आणि चित्रपट त्याचा होणार होता.

आलिंग पुरिंग त्याच्या डोळ्यांकडे बघत नव्हती. ओठांकडे बघत होती.

“दार उघडतं,” तो म्हणाला. “माणसं बाहेर येतात. खोकी, ढकलगाड्या. बाप टाचा उंचावून बघतो. सगळे संपतात. दार बंद होतं.”

तो थांबला.

“मग पुन्हा उघडतं. ती येते. वाळलीय फार. पण चालत येते.”

आलिंग पुरिंगने ॲप्रन तोंडाला लावला आणि ती मोठ्याने रडली. ताट कलंडून शेंगा जमिनीवर पसरल्या.

“बघ!” मॅडमनी टेबलावर थाप मारली. “मी काय सांगत होते? नऊ वेळा डोकं खाल्लंस माझं!” त्यांनी पटकथेचं शेवटचं पान ओढून काढलं, त्यावर आडवी रेघ मारली आणि ते बाजूला भिरकावलं. डेन्सियोला लाज वाटत होती, थोडं बरंही वाटत होतं, आणि आई आज दुसऱ्यांदा गेली असं वाटत होतं.

तो निघाला तेव्हा आलिंग पुरिंग फाटकापर्यंत धावत आली. तिने झाकणाचा डबा त्याच्या हातात दिला. डबा चांगलाच गरम होता.

“चिंच घालून सिनिगांग केलंय. आईला दे. आंबट चालतं ना तिला?”

“चालतं,” डेन्सियो म्हणाला. “आवडतं.”

“आणि एक काम कर माझं. ती सुटली कशी, ते विचार तिला. तुझा बाप कुठल्या ऑफिसात गेला होता? कुणाला भेटला? मी इथल्या दोन ठिकाणी जाऊन आले, कुणी उभंच करत नाही. तुला आत्ता आठवत असेल तर आत्ताच सांग. मी उद्या सकाळीच जाते.”

तिने ॲप्रनच्या खिशातून पेन्सिल काढली, आणि चौघडी केलेला एक कागद. तो उलगडून तिने डब्याच्या झाकणावर ठेवला आणि हाताने सपाट केला. मॅडमनी भिरकावलेलं पान होतं ते. लिहिलेली बाजू खाली होती.

“इथे लिही,” ती म्हणाली. “ही बाजू कोरी आहे.”