डब्यातला खाऊ

आधी नवरा गेला, मग शेजारचं तान्हं बाळ गेलं, तेव्हापासून आमगावची ती गल्ली निर्मलाबाईला पाठीमागे चेटकीण म्हणायची. कॉन्व्हेंट शाळेने यंदा भुताखेतांची सोंगं घेऊन खाऊ मागायचं हॅलोविन काढलं आणि काळी टोपी घातलेली चिमुकली चेटकीण तिच्याच दारात खाऊ मागायला उभी राहिली. बाईला लहानपणची भुलाबाई आठवली. दारोदार गाणी म्हटल्यावर झाकलेल्या डब्यातला खाऊ आवाजावरून ओळखावा लागे. तिने डबा हलवला. “सांग वं, काय हाये?” “चॉकलेट?” “मुरमुऱ्याचा लाडू!” बाईने झाकण काढलं. पोरीने खुदकन हसून लाडू घेतला. तेवढ्यात धावत आलेल्या आईने “थँक्यू काकू” म्हणत तो काढून घेऊन कोपऱ्यावरच्या कुत्र्यापुढे टाकला. कुत्रं मरतं का, हे निर्मलाबाईसुद्धा श्वास रोखून पाहू लागली. कुत्र्याने लाडू खाऊन शेपटी हलवली. बाई निर्दोष सुटल्यासारखी हसली. आई पोरीला ओढत म्हणाली, “कुत्र्यायवर नाही चालत तिचं, लेकरायवरच चालते.”